सायकल सफरीतला विश्रांतीचा दिवस: गुहागरात दोन रात्री कशा घालवाव्यात

मुंबईहून मांडव्याला उतरून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याकडे निघालेला सायकलस्वार मुरुड, दिवेआगर, हरिहरेश्वर, हर्णै करत चौथ्या-पाचव्या दिवशी दाभोळच्या जेट्टीवर पोहोचतो. धोपाव्याला उतरून गुहागर गाठेपर्यंत पाय बोलायला लागलेले असतात. रोजचे किलोमीटर नकाशावर फार दिसत नाहीत, पण कोकणचा किनारी रस्ता सपाट नाही. प्रत्येक खाडीला खाली उतरायचं, पलीकडे पुन्हा सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, चढायचं, आणि हे दिवसातून तीन-चार वेळा. इथे एक दिवस थांबणं चैनीचं नाही, पुढची वाट नीट पार पडावी म्हणून ते लागतंच.

थांबण्यासाठी मी रत्नागिरीपेक्षा गुहागर सुचवतो, आणि त्यामागे कारण आहे. मोठ्या शहरात सायकलचं दुकान चांगलं मिळतं, पण त्या दुकानापर्यंत, एटीएमपर्यंत, जेवायला, औषधाला, प्रत्येक गोष्टीसाठी रहदारीतून फिरावं लागतं आणि संध्याकाळी कळतं की दिवस संपला, विश्रांती राहिलीच. गुहागरात एक मुख्य रस्ता आहे. एसटी स्टँड, बाजार, व्याडेश्वराचं देऊळ, खानावळी, सगळं पायी. रस्त्याच्या एका अंगाला घरं, त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाड्या संपल्या की समुद्र. तालुक्याचं गाव असल्याने बँक, पोस्ट, दवाखाना, औषधांची दुकानं आहेत. आणि खरंच काही मोठं मोडलं तर सुमारे 45 किलोमीटरवर चिपळूण आहे, तिथे जायला एसटी आहे.

दिवस नव्हे, दोन रात्री धरा

नियोजनात सगळ्यात महत्त्वाचं हे. विश्रांतीच्या आदल्या दिवशीचा टप्पा मुद्दाम लहान ठेवा आणि दुपारी एकच्या आत गावात पोहोचा. दापोली-हर्णै भागातून पहाटे निघालात, दाभोळची फेरीबोट वेळेत मिळाली, तर हे जमतं. त्या दुपारी अंघोळ, जेवण, झोप, एवढंच. मग दुसरा अख्खा दिवस आणि दुसरी रात्र हातात राहते. संध्याकाळी सातला थकून पोहोचायचं आणि परवा पहाटे पाचला निघायचं, असा 'विश्रांतीचा दिवस' निम्मा वाया जातो.

वार बघा. शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात, खोल्यांचे दर चढतात, खानावळीत रांग लागते. सोमवार ते गुरुवार यातला दिवस उत्तम, शिवाय बँक आणि पोस्टही उघडं असतं. शिमग्याला आणि गणपतीला चाकरमानी गावाला येतात, तेव्हा एसटी आणि खोल्या दोन्हींची आधी व्यवस्था करावी लागते. नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा तर टाळलेलाच बरा.

खोली ठरवताना फोनवर दर विचारण्याआधी चार गोष्टी विचारा: सायकल खोलीत किंवा पडवीत, कुलपाच्या आत ठेवता येईल का, दोन रात्री सलग मिळतील का, मागे अंगणात नळ आहे का, कपडे वाळत घालायला दोरी आणि ऊन आहे का. वातानुकूलित पण खिडकी बंद असलेल्या खोलीपेक्षा मागे अंगण असलेली साधी घरगुती खोली सायकलस्वाराला कितीतरी सोयीची. गुहागरात देवस्थानांचे भक्तनिवासही आहेत. व्याडेश्वर हे अनेक कोकणस्थ घराण्यांचं कुलदैवत, त्यामुळे बाहेरगावच्या माणसाची इथे सवय आहे. तिथे उतरलात तर देवस्थानाच्या वेळा आणि शिस्त पाळायची.

कामांचा क्रम: जे आपोआप होतं ते आधी लावा

विश्रांतीच्या दिवशी कामं असतातच. ती टाळता येत नाहीत, पण क्रम बरोबर लावला तर दुपारी बारापर्यंत संपतात. क्रमाचं सूत्र असं: ज्या कामाला तुमची गरज थोडी आणि वेळेची गरज जास्त, ते पहिलं. कपडे वाळायला सहा तास लागतात, तेल साखळीच्या आत मुरायला काही तास लागतात, पॉवर बँक भरायला रात्र जाते. हे सगळं सकाळी सुरू करून दिलं की तुम्ही झोपलेले असतानाही काम चालू राहतं. उलट दुपारी चारला कपडे धुतलेत तर कोकणच्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी ओली चड्डी घालून निघावं लागेल, आणि ओल्या चड्डीवर तासन्‌तास बसणं म्हणजे मांडीला फोडांचं आमंत्रण.

म्हणून उठल्यावर चहा, आणि लगेच कपडे. पॅड असलेली सायकलिंगची चड्डी आतली बाजू बाहेर काढून कोमट पाण्यात थोड्या साबणाने हाताने धुवा आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा. पॅडमध्ये राहिलेला साबण घामाने ओला झाला की त्वचा जाळतो. सुगंधी सॉफ्टनर अजिबात नको. पिळू नका, पॅडचा फोम तुटतो. कोरडा पंचा पसरून त्यावर चड्डी ठेवा, दोन्हींची गुंडाळी करा आणि त्यावर पाय देऊन उभे राहा. निम्मं पाणी पंचात जातं. मग आतली बाजू उन्हाकडे करून वाळत घाला.

स्वतःची तपासणी

सायकलीआधी शरीर. अंथरुणातून उठण्यापूर्वी एक मिनिट नाडी मोजा. नेहमीच्या सकाळच्या ठोक्यांपेक्षा सात-दहाने जास्त असेल, झोप तुटक लागली असेल, भूक मेली असेल आणि सोबत्यावर विनाकारण चिडचिड होत असेल, तर थकवा खोलवर गेलेला आहे. अशा वेळी एक दिवस पुरेल का, हे दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नाडी बघून ठरवा. आणखी एक रात्र थांबायची तयारी आणि तेवढी रजा लांबच्या सफरीत असावीच.

बसण्याची जागा आरशात किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यात नीट बघा. यात लाजायचं काही नाही. लांबच्या सफरी पायांपेक्षा या कारणाने जास्त सुटतात. नुसता लालपणा असेल तर साध्या साबणाने धुवून पूर्ण कोरडं करा आणि दिवसभर लुंगी किंवा सैल सुती हाफपँट घाला. आज पॅडची चड्डी नाही, चिकट मलमाचा थरही नाही. त्वचेला हवा मिळू द्या. पुरळ किंवा पुळी आली असेल तर ती फोडू नका, दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्याच्या फडक्याने शेका. गाठ कडक, गरम आणि ठणकणारी असेल किंवा अंगात ताप असेल तर दवाखान्यात दाखवायचंच. ते दाखवायला विश्रांतीच्या दिवसाइतका सोयीचा दिवस पुढे मिळणार नाही.

गुडघ्याचं दुखणं कुठे आहे ते बोटाने दाबून शोधा. वाटीच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली आहे किंवा तुम्ही जड गिअरवर चढ चढताय. मागच्या बाजूला, लवणीत दुखत असेल तर सीट उंच आहे. बदल करायचा तो तीन ते पाच मिलिमीटरचाच, आणि आधी जुनी उंची सीटच्या दांड्यावर चिकटपट्टीने खूण करून ठेवून. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर तळव्याच्या कडेची नस दाबली जातेय. हँडलवरची पकड बदलत राहणं, हातमोजे, आणि सीटचं नाक पुढे झुकलेलं असेल तर ते सपाट करणं, या तीन गोष्टींनी बहुधा फरक पडतो.

सायकल: खारं पाणी काढणं हे मुख्य काम

किनाऱ्याच्या सफरीत सायकलीचा खरा शत्रू चिखल नाही, मीठ आहे. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे अशा फेऱ्या करताना बोटीच्या ओल्या पत्र्यावर सायकल उभी राहते, वाऱ्याबरोबर खारे तुषार बसतात, आणि मौज म्हणून कोणी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, सायकल चालवली असेल तर वाळूही आत गेलेली असते. मागच्या अंगणातल्या नळाखाली बादली आणि मग घेऊन गोड्या पाण्याने वरून खाली ओतत धुवा. गाड्या धुण्याच्या दुकानातला जोराचा पंप लावू नका. तो फवारा बेअरिंगमधलं ग्रीस बाहेर ढकलतो आणि पाणी आत सोडतो. धुण्याची जागा विहिरीपासून आणि वाडीला पाणी नेणाऱ्या पाटापासून दूर असावी, आणि तेलकट फडकी वाडीत टाकून जाऊ नयेत. घरमालकाला सांगावं न लागता हे केलंत तर पुढच्या सायकलस्वाराचंही स्वागत चांगलं होतं.

साखळी साफ करायला पूर्वी रॉकेल मिळायचं, आता सहज मिळत नाही. त्यावाचून अडत नाही. जुन्या टूथब्रशला भांडी घासायचा द्रव साबण लावून मागचे दातेरी चक्रं घासा. साखळीसाठी तिचंच तेल वापरा: थोडं तेल सोडायचं, पेडल उलटं फिरवायचं, जुन्या बनियनच्या फडक्यात साखळी धरून पुसायची, आणि फडकं काळं यायचं थांबेपर्यंत हेच पुन्हा करायचं. मग प्रत्येक कडीच्या रोलरवर एकेक थेंब. खोबरेल किंवा स्वयंपाकाचं तेल नको, ते चिकट होऊन वाळू धरतं. गंज सोडवायचा फवाराही वंगणाच्या जागी चालत नाही. तेल आता मुरू द्या. संध्याकाळी बाहेरचं सगळं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढायचं, कारण काम आतल्या तेलाचं असतं आणि बाहेरचं फक्त धूळ ओढतं. डिस्क ब्रेक असतील तर चकतीला तेलाचं बोटही लागू देऊ नका.

साखळी किती झिजली हे मोजायला महागडं साधन लागत नाही. स्टेशनरीच्या दुकानातून बारा इंचांची स्टीलची पट्टी आणा. पेडलवर हलका दाब देऊन साखळी ताणलेली ठेवा. पट्टीचा शून्य एका पिनेच्या बरोबर मध्यावर धरा आणि तिथून पुढची चोविसावी पिन कुठे येते ते पाहा. नव्या साखळीत ती नेमकी 12 इंचांच्या रेघेवर येते. पिनेचा मध्य रेघेपुढे 1/16 इंच गेलेला असेल तर साखळी बदलायची वेळ आली, म्हणजे गोव्यापर्यंत ओढत न नेता वाटेत रत्नागिरीत बदलून घ्या. 1/8 इंच गेलेला असेल तर मागची चक्रंही तिच्याबरोबर झिजलेली असतात. नुसती नवी साखळी टाकली तर ती चढावर दाते सोडून उसळेल.

ब्रेक पॅड बघा. कोकणातल्या उतारांवर ते झपाट्याने जातात, आणि तांबड्या जांभ्या मातीचा चिखल लागला तर आणखी लवकर. रबराच्या पॅडवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या किंवा डिस्कच्या पॅडचा घासणारा थर मिलिमीटरभरच राहिला, तर आजच बदला. स्पोक दोन-दोन एकत्र चिमटीत दाबत चाकाभोवती फिरा. एखादी जोडी लुळी लागली तर कळते. कॅरिअरचे सगळे बोल्ट घट्ट करा. कॅरिअरचा सांधा तडकला असेल आणि तो लोखंडाचा असेल, तर गावात ग्रिल-दरवाजे बनवणारा वेल्डर दहा मिनिटांत जोडून देतो. ॲल्युमिनियमचा असेल तर ते साध्या वेल्डिंगने होत नाही. आवळपट्ट्या आणि जाड तारेने बांधून पुढच्या शहरापर्यंत न्या.

टायर काढून आतून कापडाचा बोळा फिरवा. काच, तार किंवा काटा असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात, आणि बोट कापत नाही. आधी झालेल्या पंक्चरच्या ट्यूब आज शांतपणे दुरुस्त करा. रस्त्यात घाईने लावलेलं ठिगळ सुटतं ते बहुतेक एकाच कारणाने: सुलोचन (ठिगळ चिकटवायचं सोल्युशन) ओलं असतानाच ठिगळ दाबलेलं असतं. ट्यूब घासून खरखरीत करा, ठिगळापेक्षा मोठ्या जागेवर सुलोचनाचा पातळ थर पसरा, आणि तीन ते पाच मिनिटं हात बाजूला. कडेला बोट लावल्यावर चिकटेनासं झालं, चमक गेली, की ठिगळ ठेवून अंगठ्याने मधून बाहेर दाबत जा. हवा भरून ट्यूब बादलीत बुडवून बघा.

गावातल्या सायकल दुकानाकडून काय मिळेल याचा अंदाज असावा. साध्या काळ्या सायकलीचं 28 इंची चाक 635 मिलिमीटरच्या रिमचं असतं, तुमच्या 700-सी चाकाची रिम 622 मिलिमीटरची. म्हणजे तिचा टायर तुम्हाला बसणार नाही. ट्यूब अडीअडचणीला बसू शकते, पण तिचा वॉल्व्ह जाड असतो. तुमच्या रिमचं भोक बारीक प्रेस्टा वॉल्व्हचं असेल तर तो आत जातच नाही. म्हणून किमान दोन योग्य ट्यूब सोबत घेऊनच निघायचं. हवा, ठिगळं, ग्रीस, बॉल, नटबोल्ट यासाठी मात्र हे दुकान उत्तम, आणि तिथला मिस्त्री हबचा आवाज ऐकून जे सांगेल त्यावर विश्वास ठेवा.

जेवण आदल्या रात्री सांगून ठेवा

घरगुती खानावळीत माणसं मोजून स्वयंपाक होतो. दुपारी एकला जाऊन 'काय आहे?' विचारण्यापेक्षा आदल्या रात्री उठतानाच बोलून ठेवावं.

"काकू, उद्या दुपारी दोन पानं. आणि उकडीचे मोदक होतील का?"

"होतील, पण आत्ता सांगितलंत म्हणून. सकाळी दहानंतर सांगितलंत तर नारळ कोण खवणार? भात किती लागेल? सायकलवाले ना तुम्ही, जास्तच टाकते."

भात जास्तच टाकू द्यावा. रोज पाच-सहा तास पेडल मारल्यावर स्नायूंमधली साखरेची साठवण रिकामी झालेली असते, आणि भरपूर खाल्लं तरी ती पूर्ण भरायला साधारण 24 तास जातात. वजनाच्या दर किलोमागे 7 ग्रॅम कर्बोदकं धरली तर 60 किलोच्या माणसाला 420 ग्रॅम लागतात. 100 ग्रॅम कोरड्या तांदळात सुमारे 78 ग्रॅम कर्बोदकं असतात, यावरून ताटाचा अंदाज येईल. आज सायकल चालवत नाही म्हणून कमी खायचं, हा हिशेब इथे उलटा आहे. सकाळी घावणे किंवा पोहे, दुपारी वरण-भात किंवा माशाचं ताट, मधे केळी, रात्री तांदळाची भाकरी आणि उसळ. पोट बिघडलं असेल तर मीठ घातलेली पातळ पेज आणि लिंबाचं लोणचं. त्यावर दिवस निघतो. तिसऱ्या-कालवं अशी शिंपल्यातली मासळी खायची असेल तर आज दुपारीच खा. उद्या सड्यावर पोट दुखायला लागलं तर आडोसा मिळेल, दवाखाना मिळणार नाही.

पाणी पीत राहा. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे किती गेला याचा अंदाज चुकतो. लघवी फिकट पिवळी होईपर्यंत पाणी, ताक, सोलकढी, शहाळं यांची पाळी चालू द्या. औषधाच्या दुकानातून जलसंजीवनीची एक लिटर पाण्याची पाकिटं चार-पाच घेऊन ठेवा. खोक्यातली तयार गोड पेयं त्या जागी चालत नाहीत.

दुपारनंतर

जेवल्यावर झोपा, पण तीनच्या आत उठा, नाहीतर रात्रीची झोप मोडते आणि खरी दुरुस्ती रात्रीच्याच झोपेत होते.

मोह इथे येतो. गोपाळगड बघू, वेळणेश्वरला जाऊन येऊ, हेदवीचा दशभुज गणपती करून येऊ. वेळणेश्वर आणि हेदवी तर उद्याच्या वाटेवरच आहेत, त्यांच्यासाठी आज सड्यावर चढण्यात अर्थ नाही. अंजनवेलचा गोपाळगड मात्र मागे राहतो. तो बघायचाच असेल तर रिक्षाने जा, बुरुजावरून दाभोळची खाडी बघा आणि उन्हं कलण्याआधी परत या. विश्रांतीच्या दिवशी चाळीस किलोमीटर 'हलकी' सायकल मारणारे पुढच्या दिवशी घाटात उतरून ढकलताना दिसतात.

पायांना थोडी हालचाल हवीच, नुसतं पडून राहिलं तर ते आखडतात. पाचच्या सुमाराला सुरूच्या झाडांतून पुळणीवर उतरा आणि अनवाणी वीस-पंचवीस मिनिटं चाला. ओल्या, घट्ट वाळूवर चालायचं, आणि जितकं एका दिशेला तितकंच परत. किनारा तिरका असतो, त्यामुळे एकाच दिशेला लांब चाललं तर एका गुडघ्यावर ताण येतो. पाण्यात जायचं असेल तर गुडघ्यापर्यंत, आणि भरती-ओहोटी स्थानिकांना विचारून.

परतल्यावर सायकलीची चाचणी, सामानाशिवाय, बाजारातून दोन-तीन किलोमीटर. सगळे गिअर वर-खाली टाका, दोन्ही ब्रेक एकदा जोरात दाबा, सीट बदलली असेल तर गुडघ्याकडे लक्ष द्या. दुरुस्तीतली चूक इथे सापडली तर मिस्त्रीचं दुकान अजून उघडं आहे. त्यानंतर साखळीवरचं जादा तेल पुसायचं आणि सायकल आत.

बॅगेतलं सगळं एकदा पलंगावर ओता. पाच दिवसांत ज्याला हात लावला नाही आणि जे औषध, हत्यार किंवा पावसाचं कापड नाही, ते पोस्टातून घरी पाठवण्याच्या लायकीचं. हे मात्र सकाळीच करून घ्या, दुपारनंतर काउंटर बंद होतो. एटीएममधून सुटे पैसे होतील अशा नोटा घ्या. रेंज नसेल तिथे मोबाइलवरून पैसे जात नाहीत आणि जेट्टीवर, टपरीवर अडायला होतं. नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, खाडीकडच्या उतारांवर नेट जातं.

शेवटचं काम: तवसाळ-जयगड फेरीबोटीच्या उद्याच्या वेळा खानावळीत आणि शक्य तर फोन करून, दोन्हीकडे विचारा. पहिली बोट चुकली तरी चालेल, पण दुपारची मोठी सुट्टी असेल तर ती आधी माहीत हवी. भाकरी-चटणी बांधून मागा, बाटल्या भरा, नऊला दिवा बंद.

सकाळी निघाल्यावर पाय शिशासारखे वाटतील. घाबरू नका, एक दिवस थांबल्यावर असं होतंच. पहिली अर्धा-पाऊण तास सगळ्यात हलका गिअर ठेवा, सोबती पुढे गेला तर जाऊ द्या, पहिल्या चढावर सीटवरून उठू नका. वेळणेश्वर येईपर्यंत पाय मोकळे होतात. तिथे चहा घ्या, बोल्ट एकदा हाताने चाचपा, आणि हेदवीकडे निघा. पुढचा असा मुक्काम मालवणात किंवा वेंगुर्ल्यात, त्यासाठी खोलीचा फोन जयगडच्या बोटीतूनच करून टाका.